मुर्तजागावचा दर्या

१

शुक्रवारी सकाळी मुर्तजागावात समुद्र सापडला.

औसा ओलांडून पुढं गेलं की मुर्तजागाव लागतं. तिथून खरा समुद्र गाठायचा तर कुठल्याही दिशेनं निघा, एक मुक्काम वाटेत करावाच लागतो. गावाच्या मधोमध जुना पोहण्याचा हौद. कैक वर्षं कोरडा. तो पाडून तिथं दुकानं काढायची म्हणून चन्नबसप्पा गुत्तेदाराचा जेसीबी सकाळीच आला होता. फाटकाची साखळी आणि कुलूप गंजून एकजीव झालं होतं, ते कटर लावून कापावं लागलं. फाटक ढकललं, आणि ड्रायव्हरनं गाडी होती तशी मागं घेतली.

"मालक, ह्याच्यात पाणी हाय."

"किती?" चन्नबसप्पानं फोनवर विचारलं.

"हौदभर."

मे महिना होता. मुर्तजागावात दहा-बारा दिवसांनी नळ येतो, आणि पाहुणा दारात उभा राहिला की गाव आधी विचारतं, "आंघोळ करून आलात ना?" अशा गावात हौद काठोकाठ भरलेला. दुपारपर्यंत गर्दी जमली, संध्याकाळपर्यंत चोरही सापडला.

झालं असं, की नगरपरिषदेचे अभियंता मृत्युंजय यांनी गुरुवारी दुपारी हौदाची पाहणी केली होती. तेव्हा हौद ठणठणीत कोरडा. म्हणजे पाणी आलं ते गुरुवार दुपार ते शुक्रवार सकाळ या वेळात. हौदाच्या भिंतीला लागूनच नळाच्या मोठ्या लाइनचा वॉल्व्ह. त्याची चावी नळाला पाणी सोडणाऱ्या नासिरकडं, आणि गुरुवारी ड्युटी नासिरचीच. गणित सोपं होतं. इतकं सोपं की ते सगळ्या गावाला एकदम सुटलं, आणि मुर्तजागावात असं आधी कधी झालं नव्हतं.

नासिर तिथंच निलंबित झाला. सोमवारी सकाळी नगराध्यक्षा महामायाताई हौदावरच सुनावणी घेणार होत्या. तोवर दुसरा कुणी चोर निघाला नाही, तर नासिरची नोकरी जाणार आणि वर पाणीचोरीचा गुन्हा.

शनिवारी सकाळी नासिरच्या आईनं, रईसा आपानं, लातूरला एका गुप्तहेराला फोन लावला.

२

गुप्तहेराचं नाव सुकन्या बिराजदार. लातुरात ब्लाऊजपीसच्या दुकानावर तिचं ऑफिस होतं आणि पाटीवर लिहिलं होतं, 'लग्नाआधीची खात्रीशीर चौकशी'. मुलगा खरंच पुण्यात आहे का, पितो का, जमीन त्याच्या नावावर की चुलत्याच्या, एवढंच तिचं गुन्हेगारी जग. खून, दरोडा तिनं कधी हाताळला नव्हता. एकदा एका नवरदेवाचा केसांचा टोप उघडकीला आणला होता, तेवढाच काय तो रक्तपात.

तिचे नियम दोन. मुलाबद्दल मुलाला विचारायचं नाही. आणि कुठल्याही घरी गेलं की आधी पाणी प्यायचं. घर खोटं बोलतं, बैठकीतला सोफा तर सर्रास खोटं बोलतो. पण पाण्याच्या पेल्याला अजून ते जमलेलं नाही.

रईसा आपाचा आवाज ऐकला तशी ती बसनं निघाली. सुकन्याचं आजोळ मुर्तजागावचं. तिला पोहायला रईसा आपानंच शिकवलं होतं. हनुवटीखाली एक हात धरायची बाई, आणि तो हात तिनं कधी काढून घेतला हे पोरीला पलीकडच्या काठाला लागल्यावर कळायचं.

"ये बेटा. वाळलीस." आपानं दारातच निकाल दिला आणि पेला पुढं केला.

पाणी गार होतं, नितळ, आणि त्याला वाळ्याचा वास होता. सुकन्यानं पेला सावकाश संपवला.

नासिर कोपऱ्यात बसला होता. चाळिशीचा माणूस, पण निलंबनानं पोरगा दिसत होता.

"गुरुवारी वॉल्व्ह खोललास का रे?"

"ताई, गुरुवारी लाइनीत पाणीच नव्हतं. खोलून काय हवा भरू हौदात?"

"हे सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं. ते म्हणले, पाणी नव्हतं तर हौदात कुठून आलं, म्हणजे होतं." नासिरनं हात पसरले. "ह्याच्यावर मी काय बोलू, तुम्हीच सांगा."

आपा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

"आपा, तुम्हाला कुणाचा संशय?"

"तू शोध," आपा म्हणाली. "तेवढ्यासाठी बोलवलं तुला." आणि जरा घाईनंच उठून आत गेली.

३

हौदाकडं जाताना सुकन्याच्या पायांना रस्ता आपोआप आठवत गेला.

हौद बांधला शिवप्पा अण्णांनी. साठ-पासष्ट सालाकडची गोष्ट. अण्णा तेव्हा नगराध्यक्ष होते आणि कसल्याशा परिषदेला मुंबईला गेले होते. तिथं त्यांनी समुद्राच्या काठावर एक सार्वजनिक स्नानगृह पाहिलं. उंच खांब, पायऱ्या, पलीकडं लाटा. अण्णा तीन दिवस त्या पायऱ्यांवर बसून राहिले आणि परिषद त्यांच्याविनाच पार पडली. परत आले ते एकच धोशा लावून: अस्संच्या अस्सं आपल्याकडं पाहिजे. त्यावेळच्या अभियंत्यानं भीत भीत विचारलं, "अण्णा, समुद्र?" अण्णा म्हणाले, "आधी हौद तर बांधू. समुद्राचं मागून बघू."

तसा तो बांधला. पश्चिमेला तोंड करून प्रशस्त दगडी पायऱ्या, समुद्र बघत बसायला. समोर ज्वारी होती. लोक संध्याकाळी भेळ घेऊन पायऱ्यांवर बसत आणि ज्वारीकडं बघत, आणि वारा सुटला की खरंच काही वेळ काही कळत नसे. दीपस्तंभ होता, लाल दिव्याचा. सोलापूरच्या रस्त्यावरचे एस.टी. ड्रायव्हर त्याच्यावर अंदाज घेत. उद्घाटनाच्या दिवशी अण्णांनी पाण्यात मिठाची पोती रिकामी करवली, कारण समुद्र म्हटला की तोंडात खारट लागला पाहिजे. आणि लाटा पाहिजेत म्हणून एका टोकाला लांबरुंद फळी बसवली, तिला नाडा, आणि नाड्याला गावातल्या शेषेरावांची देवणी जातीची बैलजोडी. बैल पुढं गेले की लाट यायची, मागं सरले की ओसरायची. रविवारी संध्याकाळी लाटा असत. बैलांनी मनावर घेतलं नाही तर फाटकावर पाटी लागे: 'आज समुद्र शांत आहे.'

फाटकावरच्या कमानीत कोरलं होतं 'सार्वजनिक समुद्रस्नानगृह'. एवढं लांब कोण म्हणणार? गाव म्हणायचं दर्या. "कुठं निघालास?" "दर्यावर." लातूरच्या पाहुण्यांना वाटे, ह्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी बायकांची पाळी. नऊवारीतल्या, सलवारीतल्या, परकरातल्या, सगळ्या त्या मिठाच्या पाण्यात, आणि काठावर शिट्टी घेऊन रईसा आपा.

मग हौद भरणारी विहीर आटली, मीठ परवडेना, बैल म्हातारे झाले. ज्वारीच्या जागी आता एका मंगल कार्यालयाची मागची भिंत होती. दीपस्तंभावर मोबाइलचा टॉवर.

सुकन्या काठावर उकिडवी बसली. उन्हात पाणी लखलखत होतं आणि तळाच्या निळ्या फरश्या एकेक मोजता येत होत्या. पाय पाण्यात सोडायचा मोह तिनं आवरला, कारण ती कामावर होती.

पाणी फारच स्वच्छ होतं. ही पहिली गोष्ट. उन्हाळाभर नळाला येत होतं ते लालसर, गढूळ. नासिरनं ते सोडलं असतं तर हौदात चहा दिसला असता.

दुसरी गोष्ट, पाण्याखाली भिंतीवर पांढऱ्या रेघा होत्या, एकावर एक, तळापासून वरपर्यंत. क्षाराच्या पाण्यानं बादलीला पडतात तशा. बादलीला रेघ पडते ती पाणी एका जागी दिवसेंदिवस थांबलं की. एका रात्रीत भरलेल्या हौदाला रेघा पडायला सवडच कुठं होती?

आणि तिसरी गोष्ट तिच्या बोटाशी येऊन थांबली. गप्पी मासा. डासाची अळी खायला आरोग्य खात्याची माणसं रांजणात सोडून जातात तो. त्याच्यामागं दुसरा, मग बारके, मग बारक्यांहून बारके, नुसते डोळे फुटलेले. सुकन्या माशांच्या त्या भरल्या कुटुंबाकडं बघत राहिली. पाणी एका रात्रीत चोरता येतं, पण मासा एका रात्रीत आजोबा होत नाही.

तिनं ओंजळ भरली आणि सवयीनं नाकाशी नेली.

वाळ्याचा वास. हाच वास तासाभरापूर्वी रईसा आपाच्या पेल्याला होता.

४

अशिलाचा संशय येणं हे धंद्याला बरं नसतं. सुकन्यानं तो तात्पुरता बाजूला ठेवला आणि चन्नबसप्पाला गाठलं. गावातले पाण्याचे टँकर त्याचेच. हौद भरायची ताकद असलेला तोच एक माणूस.

"माझ्यावर डौट?" चन्नबसप्पा खुर्चीत ऐसपैस हलला. "ताई, एवढं पाणी माझ्यापाशी असतं तर मी विकलं असतं. ओतून कशाला देऊ? तेही माझ्याच साइटवर?"

धंदेवाईक माणसाचं चारित्र्य कधी कधी असं त्याच्या लोभानंच सिद्ध होतं.

"काम कधीपासून चालू आहे तुमचं?"

"गेल्या मिरगाच्या आधीच हात घातला व्हता. वरच्या गल्लीची नाली खोदून ठेवली, पाया घ्यायला. मग मंजुरी अडकली, काम थांबलं. आता कुठं सुटलंय, तर हे." त्यानं हौदाच्या दिशेला असं पाहिलं, जणू तिकडं कुणी वारलंय.

"मधल्या काळात हौदात डोकावलात?"

"कशाला? फाटकाला कुलूप, चावी मृत्युंजयसाहेबाकडं. आणि कोरड्या हौदात बघायचं काय?"

मृत्युंजयसाहेब कार्यालयात नव्हते. ते नसले की समोरच्या हॉटेलात असतात, आणि कार्यालयात ते नसतातच. सुकन्या समोर बसली. साहेबांनी भज्यांची बशी तिच्याकडं सरकवली.

"गुरुवारी दुपारी मी जातीनं पाहणी केली, मॅडम. लांबी, रुंदी, खोली, सगळं घेतलं. थेंब नव्हता."

"आत कुठून गेलात?"

"फाटकातून. नाहीतर काय भिंतीवरून उडी मारू?"

"कुलूप उघडून?"

"मग? चावी हाय की माझ्यापाशी." त्यांनी खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली. छान, चकचकीत चावी होती.

तेवढ्यात हॉटेलवाला फडकं खांद्यावर टाकून आला. "साहेब, आज कुठली पाहणी? दोन प्लेट का तीन?"

"पाहणी न्हाई रे, पाहुण्या हायेत."

"मग एक बस झाली." हॉटेलवाला सुकन्याकडं वळला. "मोठी पाहणी असली की तीन लागतात. गुरुवारी हौदाची झाली, तर साहेब पार पाच वाजेपर्यंत ह्याच बाकड्यावर."

साहेबांचं भजं वाटेतच थांबलं.

सुकन्यानं एक भजं उचललं. लग्नाच्या चौकशीत ती एक शिकली होती: टोप हलला की लगेच ओढायचा नाही, मांडव भरू द्यायचा.

म्हणजे गुरुवारी हौद कोरडा होता हे कुणीच पाहिलं नव्हतं. नासिरवरचं सगळं गणित बाकड्यावर बसून मांडलेलं. पण महामायाताई विचारणार, मग पाणी आलं कुठून? पावसाचं असतं तर गुडघाभर असतं. आणि पावसाला वाळ्याचा वास नसतो.

५

रविवारी सकाळी वरच्या गल्लीला नळ आला.

नळाच्या दिवशी गल्लीत पाऊल टाकणाऱ्याला मूर्ख म्हणतात. बायांचे पदर खोचलेले, पोरं पाइपावर, आणि सासू-सुनेचं भांडण नळ जाईपर्यंत तहकूब. सुकन्या मुद्दाम त्याच वेळी गेली. गल्ली हौदाच्या वरच्या अंगाला होती, आणि गल्लीच्या वरच्या टोकाला केवळाबाईचं घर. शेषेरावांची बायको. गच्चीवरून सरळ हौद दिसायचा.

केवळाबाई ऐंशीच्या पुढची, पण आवाज बैलजोडी वळवायच्या मापाचा.

"आगं, तू लातूरच्या बिराजदारांची न्हवं? आमच्या दर्यात बुडता बुडता वाचलेली?"

"बुडत नव्हते हो काकू, मी सूर मारला होता."

"पोट आधी पडलं की त्याला सूर म्हणत न्हाईत, माय. बस. ह्यांचे बैल आठवतेत तुला? मरेस्तोवर समुद्र वडला बिचाऱ्यांनी. पोळ्याची मिरवणूक बघावी तसं लोक बघाया यायचे." ती थांबली. "शेवटी शेवटी हे म्हणायचे, केवळे, समुद्राला बी पेन्शन पाहिजे."

दोघी हसल्या. मग केवळाबाई उठली. "पाणी देते."

तिनं हंड्यावरचं झाकण काढलं. हंडा निम्म्याहून जास्त भरलेला, तळाशी वाळ्याची जुडी, आणि पाणी असं की हंड्याचं तांबं दिसावं. तुरटी फिरवलेली. सुकन्यानं हात पुढं केला.

"थांब, थांब. ते शिळं हाय. ताजं आलंय की आता."

आणि सुकन्याच्या डोळ्यांदेखत तिनं हंडा उचलला, उंबऱ्याबाहेर आली, आणि पायरीच्या शहाबादी फरशीशेजारच्या फटीत तो रिकामा केला. पाणी भळभळ आत गेलं.

सुकन्या लातूरची. तिच्या घरीही असंच करतात. आपल्याकडं पाणी दहा दिवसांत शिळं होत नाही, ताजं पाणी आलं की त्या क्षणाला आधीचं शिळं होतं. नळ उद्या येणार असेल तर आजचं पाणी अमृत. नळ आला की तेच पाणी पाहुण्याला द्यायची लाज वाटते. त्यात तिला वेगळं काही वाटलं नसतं.

पण तिचं लक्ष नालीकडं गेलं. चन्नबसप्पानं खोदून ठेवलेली नाली, गल्लीभर उघडी. नालीत एक मांजर पिलांना पाजत आरामात पडली होती.

नळाच्या दिवशी ज्या गल्लीच्या नालीत मांजर झोपते, त्या गल्लीचं पाणी जातं कुठं?

सुकन्यानं चपलेचा बंद लावायचं निमित्त करून पायरीशी वाकून पाहिलं. फरशीखालून पाणी पळत होतं. खालच्या अंगाला, झुळझुळ, घाईत. इतक्यात शेजारच्या दारात कुणीतरी कळशी उपडी केली. मग त्याच्या पलीकडच्या. मग समोरच्या. घराघरातून, फटीफटीतून, भळ्ळ, भळ्ळ.

गल्लीच्या वरच्या टोकाला आटलेली विहीर होती, हौदाची. आणि अण्णांच्या काळी त्या विहिरीचं पाणी हौदात नेणारा दगडी पाट गल्लीतूनच गेला होता. विहीर आटल्यावर लोकांनी त्याच्यावर फरशा टाकून पायऱ्या केल्या आणि पाट विसरले. नाली खोदली गेली तेव्हा दारात चिखल नको म्हणून कुणातरी बाईनं पहिली कळशी फटीत ओतली असणार. पाट मात्र काही विसरला नव्हता.

सुकन्या उठली. केवळाबाई रिकामा हंडा कमरेवर घेऊन तिच्याकडंच बघत होती.

"कळलं व्हय तुला," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "आता आमचे नळ तोडतील."

६

पाणी वाया घालवलं तर नळ तोडणार, अशी दवंडी उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच फिरली होती. गल्लीतल्या बायांना हौदाचं कळलं ते केवळाबाईच्या गच्चीवरून, थंडीत. तोवर कंबरभर झालं होतं. डास नकोत म्हणून केवळाबाईनंच आपल्या रांजणातले मासे आणून पाटात सोडले. आणि दवंडी फिरली तशी सगळ्यांनी मिळून शपथ घेतली, कुणी कुणाला सांगायचं नाही.

"सगळ्यांनी म्हणजे?" सुकन्यानं विचारलं.

केवळाबाईनं खालच्या घराकडं पाहिलं. गल्लीतलं शेवटचं घर.

रईसा आपा तांदूळ निवडत होती. सुकन्या समोर बसली. नासिर बाहेर गेला होता.

"आपा, तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं."

आपानं एक खडा काढून बाजूला ठेवला. "माझी बी कळशी त्यातच जाते, बेटा."

"पोराची नोकरी चालली, आणि तुम्ही गप्प?"

"कुराणावर हात ठेवलाय मी. केवळाबाईनं महादेवावर ठेवला. मी तोंड उघडलं तर शंभर घरांचे नळ तुटतात. न उघडलं तर नासिरचं घर तुटतं. मग मी काय करू, सांग. रात रात विचार केला." तिनं ताट खाली ठेवलं. "मग तू आठवलीस. म्हटलं, शोधून काढणारी एक हाय आपल्याकडं. तिनं स्वतः शोधलं तर मी कुठं सांगितलं? शपथ बी राहिली आणि पोरगा बी."

सुकन्याला हसावं की रडावं कळेना. आयुष्यात पहिल्यांदाच तिला असं गिऱ्हाईक मिळालं होतं ज्याला उत्तर आधीच माहीत होतं.

"आणि नळ? मी उद्या सांगितलं तर ते तुटणारच की."

"ते बी तूच बघ," आपा म्हणाली. "मी तुला फक्त हात सोडेपर्यंतच शिकवलं. पुढचं तुझं तू पोहलीस."

७

सोमवारी महामायाताई पश्चिमेच्या पायऱ्यांवर खुर्ची टाकून बसल्या. समोर हौद, हौदापलीकडं मंगल कार्यालयाची भिंत. अर्धं गाव आलं होतं. वरच्या गल्लीच्या बाया एका बाजूला, गप्प. नासिर मधोमध उभा, इस्त्रीचा शर्ट घालून. शिक्षा व्हायची तर नीटनेटकी व्हावी, असा त्याचा बेत असावा.

"बोला बिराजदारबाई. थोडक्यात."

"मृत्युंजयसाहेब," सुकन्या म्हणाली, "गुरुवारी तुम्ही फाटकाचं कुलूप चावीनं उघडून आत आलात."

"आलो ना."

"आणि शुक्रवारी ते कुलूप गंजून इतकं घट्ट होतं की कटर लावावा लागला. एका रात्रीत गंजलं?"

चन्नबसप्पानं कापलेली साखळी वर करून दाखवली. गंजानं कुलपाचं भोकसुद्धा बुजलं होतं. साहेब म्हणाले, हवेत ओल वाढली आहे. मे महिन्यात हे वाक्य मुर्तजागावात कुणी बोललेलं नव्हतं. लोक हसले.

सुकन्यानं मग रेघा दाखवल्या. मासे दाखवले: हे आजोबा, हे बाप, ही नातवंडं. "हौद एका रात्रीत भरलेला नाही ताई. वर्षभर भरत होता. गुरुवारी तो कोरडा होता हे एका माणसानं सांगितलं, आणि तो त्या दिवशी हॉटेलच्या बाकड्यावरून उठला नव्हता. गुरुवार वगळला की नासिरचा संबंधच उरत नाही."

महामायाताईंनी मृत्युंजयसाहेबांकडं पाहिलं. साहेब हौदातल्या आजोबांकडं बघत होते.

"बरं," ताई म्हणाल्या. "मग पाणी कुणाचं?"

सुकन्याची नजर वरच्या गल्लीच्या बायांकडं गेली.

"आमचं हाय," केवळाबाई म्हणाली.

गल्ली हादरली. रईसा आपानं डोळे मिटले.

"शपथ माझी व्हती, मीच मोडते. महादेव माझ्याच वयाचा हाय, समजून घेईल. आमचं शिळं पाणी हाय ते, महामाया. नळ आला की आम्ही वततो. नाली खोदली, म्हणून पाटात वतलं. त्या पोराला सोड."

"पिण्याचं पाणी ओतता?" महामायाताई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "लोक टँकरपुढं रांगा लावून राहिलेत, आणि तुम्ही? मी आत्ताच्या आत्ता..."

"ताई," सुकन्या मध्येच बोलली, "आज सकाळी तुमच्या आळीला नळ होता ना?"

"होता. मग?"

"कालचं पाणी काय केलंत?"

महामायाताई बसल्या. त्यांनी पदर सारखा केला. गर्दीत मागं त्यांच्या सासूबाई होत्या, त्यांनी आभाळाकडं पाहायला सुरुवात केली.

"तुळशीला घातलं," ताई म्हणाल्या.

"सगळं?"

"तुळस मोठी हाय."

कुणी हसलं नाही. कारण प्रत्येकजण मनात आपापल्या तुळशीचा आकार मोजत होता. चन्नबसप्पानं खाली पाहिलं. मृत्युंजयसाहेबांनीही. नळ तोडायला सुरुवात कुठल्या घरापासून करायची, हा प्रश्न कुणीच काढला नाही, आणि तो तिथंच मिटला.

"नासिरला कामावर घ्या," ताई शेवटी म्हणाल्या. "साहेब, तुम्ही घरी बसा, बोलवेपर्यंत. आणि हे पाणी उपसा, म्हणजे दुकानांचं काम..."

"उपसता येत न्हाई, ताई," मृत्युंजयसाहेब खालमानेनं म्हणाले. "टंचाईचा हुकूम हाय. साठलेलं पाणी फेकायचं न्हाई. पहारा ठेवायचा. पाऊस पडेस्तोवर."

"हे तुम्हाला बरं पाठ हाय?"

"हा एकच नियम बसल्या जागी पाळता येतो," साहेब प्रामाणिकपणे म्हणाले.

चन्नबसप्पानं जेसीबीच्या ड्रायव्हरला खूण केली, की गाडी परत ने.

८

पहाऱ्यावर नासिरला बसवलं. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, तो फाटकाशी स्टूल टाकून बसला. लातूरची बस निघायला वेळ होता म्हणून सुकन्याही पायऱ्यांवर येऊन बसली.

थोड्या वेळानं रईसा आपा आली. तिनं चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि पायऱ्या उतरू लागली.

"अम्मी, कुठं?" नासिर उठला. "सरकारी पाणी हाय ते. मी ड्युटीवर हाय."

"मग कर ना ड्युटी. मी कुठं अडवलं?"

"आत जायला मनाई हाय कुणालाही."

"कुणालाही म्हणजे लोकांना," आपा म्हणाली आणि पाण्यात शिरली. सत्तरीची बाई. पहिले दोन हात तिनं जपून मारले, जणू पाणी आपल्याला ओळखतं का ते बघत होती. मग अंग सैल सोडलं. माशांचं सगळं कुटुंब तिला वाट देऊन बाजूला झालं. ती मधोमध गेली, उताणी झाली आणि डोळे मिटून तशीच राहिली.

"अम्मी, बुडालीस तर माझ्या नावावर येईल."

"बुडाले तर वाचव."

नासिर कानापर्यंत लाल झाला.

"काय रे?" सुकन्यानं विचारलं.

"मला येत न्हाई, ताई," तो हळू आवाजात म्हणाला. "पोहायला. अम्मीची पाळी बायकांची. पोरं मोठी झाली की आत घेत न्हवते. पुरुषांच्या पाळीला शिकवणारा शिव्या द्यायचा, तर मी पळून यायचो. अर्ध्या गावाला शिकवलं हिनं. मी फाटकाबाहेर बसून ऐकायचो, नुसती शिट्टी."

पाणी शांत असलं की आवाज लांब जातो. आपानं डोळे उघडले. वळली, आणि काठाशी येऊन कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. तिनं एक हात पाण्यात आडवा धरला, तळवा वर करून.

"उतर."

"अम्मी, लोक बघतील."

"चाळिशी आली तुझी. आता कोण तुला मोठा झालास म्हणून हाकलतंय? उतर."

नासिरनं फाटकाबाहेर पाहिलं, सुकन्याकडं पाहिलं. सुकन्यानं मान वळवून समोर, जिथं एके काळी ज्वारी होती तिथं, नजर लावली. तिच्यामागं स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग पट्ट्याचं बक्कल. मग बऱ्याच वेळानं, पहिल्या पायरीवर, एक मोठा माणूस गार पाण्यात पाय ठेवताना करतो तसा आवाज.

"हनुवटी दे इकडं," रईसा आपा म्हणाली. "आणि खाली बघू नको. काठाकडं बघ."